निळी चादर आणि रहाट

माझ्या बाह्यरुग्ण विभागात साठीपुढच्या ज्या स्त्रिया येतात, त्यांतल्या निम्म्या तरी एका हाताने भिंत धरून आत येतात. बीड जिल्ह्यातल्या गुडघ्यांचा इतिहास कष्टांचा आहे. सहा-सहा महिने उसाच्या फडात वाकून कोयता चालवलेले गुडघे, डोक्यावर दोन हंडे घेऊन बांधाबांधाने चाललेले गुडघे, आणि शाळेच्या फळ्यापुढे तीस वर्षे उभे राहिलेले गुडघेही. तपासणीअंती निदान बहुधा एकच निघते, सांध्यातील कूर्चेची झीज. मग मी नेहमीचे सांगतो : वजन उतरवा, मांडीचे स्नायू बळकट करा, वेदनाशामक गोळ्या मुठीमुठीने खाऊ नका. आणि त्यापुढे, पुस्तकात लिहिले आहे म्हणून, 'शक्य असल्यास पाण्यात चालण्याचा व्यायाम' असेही माझ्या ओठांवर येते. परंतु समोरच्या बाईकडे पाहून मी ते बहुतेक वेळा गिळून टाकतो. जिच्या दारात आठ दिवसांनी टँकर येतो, तिला छातीइतक्या पाण्यात चालायला कोणत्या तोंडाने सांगावे?

या लेखात मी सांगणार आहे ती गोष्ट मात्र अशा एका बीडकर स्त्रीची आहे, जिला ते पाणी मिळाले. ती माझी थोरली बहीण. माजलगाव तालुक्यातल्या एका गावी तिचा संसार झाला. दाजी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होते. एकुलता मुलगा मेलबर्नला स्थिरावला, आणि दाजींच्या स्मरणशक्तीची वीण उसवू लागल्याचे ध्यानात आल्यावर त्याने दोघांनाही आपल्याकडे नेले. त्या वेळी ताई अडुसष्ट वर्षांची होती, दाजी चौऱ्याहत्तरचे. गेल्या डिसेंबरात, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, मी तीन आठवडे त्यांच्याकडे राहून आलो.

घराच्या मागे एक छोटा तरणतलाव होता. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद. सरासरी खोली दीड मीटरहून थोडी कमी. जुन्या घराबरोबर तो आपसूक पदरात पडला होता, भाच्याने हौसेने बांधलेला नव्हता. तिथल्या फिजिओथेरपिस्टने ताईला गुडघ्यांसाठी आठवड्यातून चार दिवस पाण्यात चालायला सांगितले होते. सल्ला अगदी योग्य होता. कमरेपर्यंत पाण्यात उभे राहिले की पायांवर पडणारे शरीराचे वजन साधारण निम्मे होते, छातीपर्यंत गेले की जेमतेम एक तृतीयांश उरते, मानेपर्यंत उतरल्यास दहावा हिस्सा. जमिनीवर दहा पावले टाकताना कळवळणारी व्यक्ती पाण्यात शंभर पावले सहज टाकते. आणि पाण्याचा विरोध सर्व बाजूंनी असल्यामुळे स्नायूंना काम मात्र भरपूर मिळते. गोळी जे करू शकत नाही ते हे.

तरीही मी पोहोचलो तेव्हा ताई दोन महिन्यांत एकूण पाच वेळाच पाण्यात उतरली होती. कारणे दोन होती. पहिले तिने पहिल्याच संध्याकाळी मला सांगितले. "अरे, पंचेचाळीस हजार लिटर पाणी आहे त्यात. मी हिशोब केला. साडेचार टँकर. त्यात मी नुसती फेऱ्या मारू? माझा पायच धजत नाही." जिने २०१६ साली धनेगावचा मांजरा प्रकल्प कोरडा पाहिला, लातूरला रेल्वेने पाणी नेल्याच्या बातम्या ऐकल्या, आणि स्वतःच्या अंगणातले टिपाड कुलूप लावून ठेवले, तिचा पाय धजू नये यात नवल नाही. या संकोचाला मी वेडेपणा म्हणणार नाही.

दुसरे कारण होते तलावावर पसरलेली एक निळी चादर.

प्लॅस्टिकच्या या चादरीला तिकडे सौर आच्छादन म्हणतात. काचसामान गुंडाळायला आपल्याकडे हवेच्या फुग्यांचा जो कागद येतो, त्याचाच हा दणकट, उन्हाला टिकणारा भाऊबंद. फुग्यांची बाजू खाली, पाण्याला टेकलेली. गुळगुळीत बाजू वर. ऊन तिच्यातून पाण्यात उतरते आणि फुग्यांतल्या हवेमुळे ऊब सहजी बाहेर पडत नाही. परंतु तिचे मुख्य काम याहून निराळे आहे, आणि ते समजायला आपला मातीचा माठ पुरेसा आहे. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते, म्हणून माठ गार. उघडा तलाव हा एक अवाढव्य माठच. एक लिटर पाण्याची वाफ होताना जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. म्हणजे उडालेला प्रत्येक लिटर मागे राहिलेल्या ५८० लिटरांना एकेक अंशाने गार करून जातो. वाफ अडवली की पाणीही वाचते आणि ऊबही. चादर अंथरलेली असेपर्यंत बाष्पीभवन नव्वद टक्क्यांहून अधिक घटते. मी स्वतः तापमापक टाकून पाहिला : चादर चार दिवस बाजूला राहिली होती तेव्हा पाणी २२ अंश सेल्सिअस होते; रोज अंथरायला लागल्यावर दहा दिवसांत ते २७ वर आले. संधिवाताच्या व्यायामासाठी पाणी साधारण २८ ते ३१ अंश असावे असे मानतात. २२ अंशांच्या पाण्यात वृद्ध माणसाचे स्नायू आखडतात, सांधे अधिकच ताठरतात. तेव्हा चादर हा ताईच्या औषधोपचाराचाच भाग होता.

पहिल्या कारणाचे निरसनही याच चादरीने केले. मी ताईला आपल्याकडचे उदाहरण दिले. मराठवाड्यात भर उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला एक सेंटिमीटरच्या आसपास उतरते. तीस मीटर लांब-रुंद शेततळ्यातून याचा अर्थ रोज सुमारे ९,००० लिटर, जवळपास एक टँकर, आकाशात. तिच्या ३२ चौरस मीटरच्या तलावातून तशा उन्हात ३२० लिटर गेले असते. मेलबर्नच्या उन्हात त्याहून कमी, पण जातेच. "म्हणजे ही चादर टाकली तर तेच पाणी वर्षभर राहतं?" तिने विचारले. पूर्ण नाही, गाळणी धुताना थोडे जाते, पण बरेचसे राहते, असे मी सांगितले. ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यात उतरण्याची गोष्ट तिनेच काढली. पाणी वापरून संपत नाही, ते तिथेच राहते, एवढे पटल्यावर तिच्या मनातले टिपाडाचे कुलूप निघाले असावे.

आता उरली चादर उचलण्याची अडचण. अशा चादरीचे कोरडे वजन फार नसते. या आकाराची बारा-तेरा किलो भरेल. परंतु बत्तीस चौरस मीटर पसरलेली, पाण्याला चिकटलेली, वाऱ्याने शिडासारखी फुगणारी वस्तू काठावर उभे राहून ओढायची म्हणजे माणूस कमरेतून वाकतो, हात लांब करतो, आणि वर अंग पिळतो. वाकणे, लांबवणे आणि पिळणे ही तीन एकत्र आली की कमरेच्या मणक्यांमधल्या चकत्यांवर सर्वाधिक ताण येतो, हे मी हमालांना, गृहिणींना आणि धान्याची पोती हलवणाऱ्या दुकानदारांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. शिवाय पाय ओल्या फरशीवर आणि समोर पाणी. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर चादरीवरच पाणी साचते : दहा मिलिमीटर पाऊस म्हणजे या आकारावर ३२० लिटर, त्यातले चौथाई जरी वर राहिले तरी ऐंशी किलो. ते आधी खराट्याने किंवा छोट्या पंपाने काढल्याखेरीज चादरीला हात लावू नये. भाचा संध्याकाळी साडेसहाला दमून येई, मग ताईला त्याला सांगणे जड जाई. एकदा दाजींनी स्वतःच चादर ओढायचा प्रयत्न केला होता. ते पडले नाहीत. पण नंतर आठवडाभर त्यांची कंबर धरली होती आणि कशाने धरली हे त्यांना आठवत नव्हते.

यावरचा उपाय त्या देशात सर्वांना ठाऊक आहे : रीळ. तलावाच्या रुंदीइतकी अ‍ॅल्युमिनियमची एक नळी, दोन टोकांना दोन घोड्या, घोड्यांना चाके, आणि एका टोकाला फिरवण्याचे हातचाक. चादरीची एक कड पाच-सहा पट्ट्यांनी नळीला जोडायची आणि चाक फिरवायचे, की चादर सतरंजीसारखी गुंडाळली जाते. भाच्याने एका सुटीच्या दिवशी ते आणले आणि आम्ही दोघांनी अर्ध्या दिवसात जोडले.

जोडताना ज्या गोष्टी ध्यानात आल्या त्या सांगतो, कारण आपले पुष्कळ वाचक सहा-सहा महिने मुलांकडे परदेशी राहतात आणि अशी यंत्रे हाताळण्याचा प्रसंग त्यांच्यावरच येतो. पट्ट्यांची लांबी तंतोतंत सारखी हवी. एक पट्टी चार बोटे सैल राहिली तरी गुंडाळी तिरकी जाते. लग्नानंतर सतरंज्या गुंडाळताना एक टोक पुढे पळते, तसेच. आणि मग माणूस ती सरळ करायला पुन्हा वाकतो, म्हणजे ज्यासाठी रीळ आणले तेच पुन्हा ओढवते. आम्ही पट्ट्या तीनदा मोजल्या. हातचाकाची उंची कमरेच्या थोडी वर यावी म्हणून घोड्यांखाली पक्के लाकडी ठोकळे बसवून ते स्क्रूने आवळले. घोड्यांच्या चाकांना ब्रेक असतो, तो लावल्याखेरीज चाकाला स्पर्श करायचा नाही. हातचाक जितके मोठे तितके बळ कमी लागते. आमची नळी चार इंच जाडीची, चाक अठरा इंचांचे. त्यामुळे आरंभी ओढीच्या चौथ्या हिश्शाइतकाच जोर पुरला. गुंडाळी जाड होत जाते तशी ही सवलत घटते, पण तोवर पाण्यातली चादरही कमी उरलेली असते. कुणाला शेवटची चार-पाच वळणे जड वाटली तर ते यंत्राचे बिघडणे नव्हे.

आणि फिरवण्याची रीत. एक पाऊल पुढे, एक मागे. गुडघे किंचित सैल. जोर मनगटाचा नव्हे तर अंगाचा. श्वास रोखून धरू नये; श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब क्षणात उसळतो, आणि हर्निया असणाऱ्यांना तर ते अगदीच वर्ज्य. दर सात-आठ वळणांनी हात बदलावा. खांदा आखडलेल्या माणसाने हे काम दुसऱ्याकडे सोपवावे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनीही. वारा सुटला असेल तर चादर तशीच राहू द्यावी, व्यायाम उद्या. गुंडाळलेल्या चादरीवर पांढरे आच्छादन टाकायला विसरू नये. नाहीतर उन्हात गुंडाळीच्या आत इतकी उष्णता कोंडते की फुगे फुटून चादर वर्षा-दोन वर्षांत चुरगळू लागते. अंथरताना समोरच्या काठावरून दोरीने ओढून घ्यावी लागते. तिथे रबरी तळाच्या चपला आणि कोरडी फरशी, याला पर्याय नाही.

तिसऱ्या दिवशी ताईने एकटीने चाक फिरवून पाहिले. चार मिनिटे लागली. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होते ते गुडघ्याचे दुखणे थांबल्याचे नव्हते, ते अजून थांबायचे होते. कुणाला हाक न मारता एक काम झाल्याचे ते होते. परक्या देशात, मुलाच्या घरात, वृद्ध माणसाचा दिवस हाका मारण्यात जातो. दूरचित्रवाणी लावून दे, फोन जोडून दे, दुकानात सोड. त्या यादीतली एक हाक कमी झाली.

पण त्याच क्षणी माझ्या मनातला डॉक्टर अस्वस्थ झाला, हेही लिहिले पाहिजे. जे रीळ एकट्या माणसाला चादर काढू देते, ते एकट्या माणसाला पाण्यात उतरूही देते. पाण्यात उतरल्यावर शरीरावर पाण्याचा दाब पडतो, पायांतले रक्त छातीकडे ढकलले जाते, हृदयाला अधिक रक्त पेलावे लागते. निरोगी हृदय ते सहज पेलते. दुबळे हृदय पेलत नाही. हृदयाची शक्ती घटलेली, श्वास लागत असलेला, रक्तदाब ताब्यात नसलेला, फेफरे येणारा रुग्ण असेल तर त्याने आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून पाण्यात जाऊ नये. उघडी जखम, जुलाब, लघवीचा जंतुसंसर्ग असतानाही नाही. मधुमेहात पायांची जाणीव गेली असेल तर पाण्यातले जोडे घालावेत. बाहेर येतानाचा क्षण सर्वांत नाजूक : पाण्याचा दाब सुटतो, रक्त पायांत उतरते, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याला अंधारी येते. म्हणून पायरीवर कठडा धरून दोन मिनिटे उभे राहायचे, मगच वर. पाण्यातून आल्यावर लघवी अधिक होते, तेव्हा पेलाभर पाणी प्यायचे. ताईने दहा मिनिटांनी सुरुवात केली आणि दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवत अर्ध्या तासावर थांबली.

आणि मग दाजी.

रीळ बसले त्या दिवशी दाजी बराच वेळ खुर्चीत बसून आमचे काम पाहत होते. त्यांना नातवाचे नाव कधी आठवते, कधी नाही. सकाळी खाल्लेला पोहा दुपारपर्यंत पुसला जातो. काम संपल्यावर ते उठले, हातचाकाशी गेले, आणि कुणी न सांगता फिरवू लागले. पाऊल पुढे, अंगाचा जोर, सात वळणांनी हात बदलणे, सगळे बिनचूक. त्यांच्या गावच्या वाड्यात आड होता आणि आडावर लाकडी रहाट. मुंज झाल्यापासून सकाळचे पाणी शेंदण्याचे काम त्यांचे होते, हे ताईने मला नंतर सांगितले. फिरवता फिरवता ते मोठ्याने मोजत होते आणि मध्येच थांबून त्यांनी मला विचारले, "पोहरा नीट बांधलाय ना?"

स्मृतिभ्रंशात अलीकडच्या घटनांची आठवण आधी जाते. हातांनी शिकलेले काम मात्र पुष्कळ काळ टिकते. कणीक मळणे, टाळ वाजवणे, गाठ मारणे ज्या भागांत साठवलेले असते ते भाग सहसा उशिरा ग्रासले जातात. अशा रुग्णाला करता येईल असे काम रोज एकाच वेळी, एकाच जागी दिले तर त्याची घालमेल कमी होते, हे मी माझ्या रुग्णांच्या घरी पाहिले आहे. दाजींना काम सापडले होते. मी त्यांना म्हणालो, "बांधलाय, दाजी. चालू द्या तुमचं." ताईने पदर तोंडाला लावला, ती हसत होती की काय, हे मी पाहिले नाही.

भाचा मात्र पांढरा पडला होता. त्या रात्री जेवणानंतर तो म्हणाला, "मामा, बाबांना तो आड वाटतोय. रात्री उठून ते पोहरा बघायला गेले तर?"

त्याची भीती खरी होती, आणि माझ्या मते चादरीने ती दुप्पट केली होती. उघडे पाणी निदान पाण्यासारखे दिसते. निळी, सपाट, अंगणाच्या पातळीला अंथरलेली चादर ही गोंधळलेल्या माणसाला आणि रांगत्या मुलाला जमीन वाटते, जाजम वाटते. तिच्यावर पाय पडला तर ती भार पेलत नाही. माणूस खाली जातो, चादर त्याच्याभोवती लपेटते, आणि वरून पाहणाऱ्याला काही दिसतही नाही. सौर आच्छादन हे सुरक्षेचे झाकण नव्हे, एवढे वाक्य तरी प्रत्येक कुटुंबाने भिंतीवर लिहून ठेवावे. याच कारणाने अर्धी चादर सारून उरलेल्या अर्ध्यात व्यायाम करणेही निषिद्ध. काढायची तर पूर्ण काढायची.

तिथल्या कायद्याने तलावाभोवती किमान १.२ मीटर उंचीचे कुंपण आणि आपोआप बंद होणारे फाटक सक्तीचे आहे. कडी वर, लहान मुलांच्या हाताला लागू नये अशी. नियम चांगला आहे, पण तो मुलांसाठी आहे. दाजींची उंची पावणेसहा फूट. तीन वर्षांच्या मुलाला अडवणारी कडी तीस वर्षे शाळेचे फाटक उघडणाऱ्या मुख्याध्यापकाला अडवत नाही.

आम्ही रात्री उशिरापर्यंत बोललो. भाच्याचे म्हणणे, रीळ काढून टाकू आणि तलावही बुजवून टाकू. त्याला दोष देता येत नाही. रात्री दचकून उठायचे त्याला होते, मी तर आठ दिवसांनी बीडला परतणार होतो. ताईचे म्हणणे, "दोन दिवस झाले, यांनी संध्याकाळी कटकट केली नाही. नीट जेवले. ते काढून घेऊ नका." दोघांचेही खरे होते, आणि अशा वेळी काळजीवाहकांना मी जे सांगतो तेच मी त्यांना सांगितले : माणसाला बांधू नका, वस्तूला बांधा. फाटकाला कडीशिवाय किल्लीचे कुलूप; किल्ली भाच्याच्या खोलीत. मागच्या दाराला उघडताच वाजणारी घंटी. ती स्वस्तात मिळते आणि आपल्या दुकानांतही मिळते. रिळाचे हातचाक एका खिळीवर बसते, ती काढली की चाक हातात येते. ते काम झाले की घरात न्यायचे. दाजी आणि तलाव यांच्यामध्ये चाक फिरवताना नेहमी एक धट्टाकट्टा माणूस उभा राहील. आणि ताई पाण्यात असेल तेव्हा घरात दुसरे शुद्धीवरचे माणूस काठावर बसलेले हवे; त्या हिशोबात दाजी धरायचे नाहीत.

हा शेवटचा नियम ताईला झोंबला. "परवा मोकळीक दिलीस आणि आज कुलूप घातलंस," ती म्हणाली. तिचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही. तिची मोकळीक चार दिवसांवरून शेजारीण मोकळी असेल त्या दिवसांपुरती झाली होती. शेजारची गुजराती बाई, तिचेही गुडघे दुखणारे, आठवड्यातून तीनदा येऊ लागली. दोघी छातीइतक्या पाण्यात समोरासमोर चालतात आणि भाच्याची बायको घरून काम करताना लॅपटॉप घेऊन काठावर बसते. मी निघालो तोवर ताई घरातल्या पायऱ्या एकेक पाय न जोडता चढू लागली होती. झीज भरून येत नाही, ती येणारही नाही. पण मांडीच्या स्नायूंनी भार उचलायला सुरुवात केली होती.

परत आल्यावर इथल्या रुग्णांसाठी त्यातले काय घ्यावे, याचा मी विचार केला. पहिली गोष्ट नकाराची. आपल्याकडे शेततळ्याला आत प्लॅस्टिकचे अस्तर असते, आणि 'पाण्यात चालल्याने गुडघा बरा होतो' हे ऐकून कुणी तिथे उतरण्याचा विचार करील, या कल्पनेनेच माझ्या अंगावर काटा येतो. तो उतार शेवाळाने बुळबुळीत असतो. पोहता येणारा तरुणही तिथून वर चढू शकत नाही. शेततळ्याला कुंपण, आणि चारही बाजूंनी पाण्यापर्यंत सोडलेले, काठावर पक्के बांधलेले गाठींचे दोर व हवा भरलेली ट्यूब, एवढे तरी असावेच. मग व्यायामाचे काय? खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करून दहा आकडे धरायचा, दिवसातून तीन वेळा, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. त्याला पाणी लागत नाही. अंबाजोगाईला शिकत असताना आमचे अस्थिरोगाचे सर हाच व्यायाम प्रत्येक खाटेपाशी करून दाखवीत, आणि तीस वर्षांत मला त्याहून स्वस्त औषध सापडलेले नाही.

दुसरी गोष्ट होकाराची. रिळाची युक्ती तलावाची मक्तेदारी नाही. गच्चीवर तूर वाळत घालून संध्याकाळी ताडपत्री ओढणारे आजोबा, अंगणातली शेडनेट पावसाआधी गोळा करणाऱ्या आजी, यांच्या कमरा याच ओढण्यामुळे धरतात. ताडपत्रीची एक कड जाड बांबूला किंवा पाइपाला बांधून तो दोन टेकूंवर फिरता ठेवला, टोकाला लोहाराकडून एक वाकडा दांडा लावून घेतला, की झाले. आमच्या एका रुग्णाने तसे करून घेतले आहे. ते ऊस तोडून निवृत्त झालेले गृहस्थ. कंबर कायमची वाकलेली. त्यांनी बांबूऐवजी जुना बोअरचा पाइप वापरला आणि माझ्या चित्रात दाखवलेल्यापेक्षा दांडा दीडपट लांब केला. तो त्यांचा बदल माझ्या चित्राहून सरस आहे.

ताईचा फोन दर रविवारी येतो. सध्या तिकडे हिवाळा. पाणी तेरा-चौदा अंशांवर उतरले आहे, व्यायाम बंद. चादर धुऊन, वाळवून, रिळासकट गॅरेजमध्ये ठेवली आहे. ती आता आठवड्यातून दोनदा सार्वजनिक तलावातल्या उबदार पाण्यात जाते, बसने, शेजारणीबरोबर. दाजींचा आजार थोडा पुढे सरकला आहे. रोज सकाळी चहा झाला की ते मागच्या दारापाशी जाऊन उभे राहतात आणि रहाट कुठे गेला म्हणून विचारतात. ताई त्यांना सांगते, आडाचं पाणी खाली गेलंय, पाऊस पडला की सुरू करू. ते मान डोलावतात आणि खुर्चीत येऊन बसतात. भाच्याने गुंडाळायला त्यांना एक जुनी सतरंजी काढून दिली आहे. ती ते दिवसातून चार वेळा गुंडाळतात, कडा तंतोतंत जुळवून.